सहावी सिंफनी कोणाला द्यायची

मृत्युपत्र लिहून ठेवणार: गोटीराम महादू शेवाळे, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त तपासनीस (ओझरचा विमान कारखाना), राहणार मखमलाबाद, नाशिक.

वर नाव लिहिलेला मी इसम हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने, माझ्याच घरच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. रक्तदाब आहे, पण तो गोळीच्या धाकात असतो. मला कोणी धमकावलेलं नाही, आमिष दाखवलेलं नाही, की काही पाजलेलं नाही. पत्नी गोजराबाई आत मेथी निवडते आहे आणि मधूनमधून "झालं का नाही अजून तुमचं?" असं ओरडते आहे, त्याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असं वकील प्रतिभाताई देवरे यांनी मला सांगितलं आहे. मरणाची मला घाई नाही. दिवस चांगले चालले आहेत, भूक लागते, झोप येते. पण गाडी वेळेवर असली तरी सामान आदल्या दिवशी बांधून ठेवावं, या मताचा मी आहे.

प्रतिभाताईंनी छापील नमुना दिला होता. त्यात माणसाच्या नावासाठी जागा होती, माणसासाठी नव्हती, म्हणून तो परत केला. त्यांनी मग तीन गोष्टी बजावल्या: साधं लिहा, थोडक्यात लिहा, आणि काही खोडलंत तर शेजारी सही करा. यातली तिसरी मी नक्की पाळीन.

कलम १. घर. मखमलाबाद शिवारातलं आमचं तीन खोल्यांचं घर, पुढचा ओटा, मागची विहीर आणि तिच्यालगतचा भाजीचा तुकडा, हे सगळं माझ्या पश्चात गोजराबाईच्या एकटीच्या मालकीचं राहील. ती हयात असेपर्यंत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि "आई, आता आमच्याकडे फ्लॅटवर चल" असा लकडा तिच्यामागे लावू नये. हे वाक्य माझा मुलगा राज याच्यासाठी आहे. राज अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. पोरगा गुणी आहे, पण इमारतीला लिफ्ट असली की माणूस सुखी होतो अशी त्याची समजूत आहे. आमच्या बाईचं सुख मेथीच्या वाफ्यात आणि शेवंतीच्या ओळीत आहे. चौथ्या मजल्यावर ती काय पेरणार, टाईल्स?

तिच्यानंतर घर राज आणि शुभांगी या दोघांना निम्मं-निम्मं. शुभांगी मुलगी आहे, तिनं हक्क सोडावा, असं जो कोणी भाऊबंद सुचवील त्याला माझ्या तेराव्याचं जेवण वाढू नये. हात धुवायला पाणीही देऊ नये.

कलम २. देवळ्याच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा धाकट्या भावाला. तो तिथं राबतो, मी दिवाळीला जाऊन कांद्याची भजी खाऊन येतो. हिशेब उघड आहे.

कलम ३. पोस्टात आणि बँकेत जे काही असेल ते गोजराबाईचं. पासबुकं कुठं आहेत ते तिला विचारावं, मला माहीत नाही.

कलम ४. हत्यारं. माझं मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि मखमलीच्या खोक्यातले गेज हे कारखान्याचे नाहीत, मी पदरचे पैसे घालून घेतलेले आहेत. ते शुभांगीला द्यावेत. शुभांगी पुण्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लहानपणी ती या मायक्रोमीटरनं स्वतःच्या केसाची जाडी मोजत बसायची. राजनं त्याच मायक्रोमीटरमध्ये धरून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या होत्या. वारसदार तेव्हाच ठरला.

कलम ५. रेकॉर्डी. यासाठी थोडं मागं जावं लागेल, प्रतिभाताईंनी रागावू नये.

मी ओझरला लागलो तेव्हा कारखान्यात रशियन तंत्रज्ञ होते. आमच्या तपासणी खात्यावर लिओनिद साहेब म्हणून एक उंच, तांबूस गृहस्थ होते. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे आमचं छान जमायचं. एका संध्याकाळी त्यांनी मला क्वार्टरवर बोलावलं, बिनदुधाचा चहा दिला आणि रेकॉर्ड लावली. मी तोवर भजन ऐकलं होतं, वणीच्या गडावरचा संबळ ऐकला होता, रेडिओ ऐकला होता. इथं शंभरेक माणसं एकदम वाजवत होती आणि एकही दुसऱ्याच्या पायात येत नव्हता. गाणारा कोणी नाही, शब्द नाहीत, देवाचं नाव नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला. शंभर पार्ट आणि सगळे मापात! माझ्यातला तपासनीस तिथंच विकला गेला. पुढं साहेब मायदेशी परत निघाले तेव्हा त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर रेकॉर्डी मला दिल्या. संगीत लिहिणारे सगळे एकोणिसाव्या शतकातले युरोपी लोक. रेकॉर्डींची वाटणी अशी:

शोपँ गोजराबाईला. हा नुसता पियानोवाला, वाद्यवृंदाच्या भानगडीत फारसा पडला नाही. गोजराबाई भाजीच्या जुड्या बांधताना तोच लावायला सांगते. "हा माणूस मोठ्यानं बोलत नाही, मनातल्या मनात बोलतो, आपल्या कामात अडथळा नाही," असं तिचं मत. मला तो जरा रडका वाटतो, पण चाळीस वर्षांच्या संसारात एवढं चालायचंच.

शुबर्टची अर्धी राहिलेली सिंफनी राजला. सिंफनी म्हणजे चार भागांचं मोठं वाजवणं. या बाबानं दोन भाग पूर्ण केले आणि पुढचं तसंच टाकलं. राजनं गिटार, कराटे आणि जर्मन भाषा याच पद्धतीनं शिकली आहे. टोमणा आहे, कळावा म्हणून स्पष्ट सांगतो. पण ती अर्धी असूनही पुरी वाटते, हेही त्यानं एकदा शांतपणे बसून ऐकावं. त्याच्याबद्दल मला तेच वाटतं.

ब्राह्म्स शुभांगीला. या गृहस्थानं पहिली सिंफनी पुरी करायला वीसेक वर्षं घेतली. तिनं आपल्या रखडलेल्या प्रबंधाबद्दल जिवाला लावून घेऊ नये.

द्वोर्झाक ओझरच्या कॉलनीतल्या वाचनालयाला. याला रेल्वे इंजिनांचं वेड होतं, स्टेशनवर जाऊन नुसती इंजिनं बघत उभा राहायचा. यंत्रावर जीव असलेल्या माणसाला संगीत कळत नाही असं म्हणणारे जे आहेत, त्यांच्या माहितीसाठी.

कलम ६. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी. खरं सांगायचं तर या एका कलमासाठी मृत्युपत्र लिहायला घेतलं. बाकीचं तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं.

ही एक रेकॉर्ड आणि लिओनिद साहेबांचा प्लेअर, दोन्ही माझे मित्र कोंडाजी भिका गांगुर्डे, निवृत्त फिटर, राहणार ओझर, यांना द्यावं. मित्र हा शब्द विचार करून लिहिला आहे. गेली काही वर्षं आमचं बोलणं "काय, बरंय ना?" याच्यापुढं सरकलेलं नाही, तेही बाजारात समोरासमोर सापडलो तर. त्याआधी मात्र अशी एक गुरुवारची संध्याकाळ जात नव्हती की कोंडाजी माझ्याकडं नाही. इतर दिवशी तो भीमगीतांच्या पार्टीत तबला वाजवायचा, म्हणून गुरुवार.

आता भांडणाचं मूळ. रेकॉर्डच्या एका बाजूला सिंफनीचे दोन भाग, दुसऱ्या बाजूला दोन. शुभांगी चार वर्षांची असताना तिनं बाहुलीबरोबर या रेकॉर्डलाही अंघोळ घातली आणि लेबलाचे कागद निघून गेले. कव्हरवर सगळं रशियन. कुठली बाजू पहिली, कळेना. तेव्हा आम्ही ओझरच्या कॉलनीत राहायचो, तिथं एक बाजू लावली. काहीच ऐकू येईना. वर पंखा, बाहेर कॉलनीचा नळ, आणि रेकॉर्डीतून नुसती खरखर. कान लावला तेव्हा खोलातून जाड आवाजाचं कसलंतरी फुंकायचं वाद्य कण्हताना ऐकू आलं.

"ही बाजू सुरूच होत नाय, गोटीराम," कोंडाजी म्हणाला. "जिला सुरुवातच नाय ती पयली कशी असंल? उलट."

उलटली. ती बाजू कशी, पहिल्या पाळीचा भोंगा होऊन सगळ्या वर्कशॉपमध्ये लगबग सुरू व्हावी तशी सुरू झाली, आणि बघता बघता त्याचा दणदणीत मार्च झाला. "ही पयली!" कोंडाजीनं निकाल दिला. मलाही पटलं. कुठलंही मशीन सुरू होताना आवाज करणारच.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी मार्च. मग त्याच बाजूवरचा रडणारा भाग, जो शेवटी इतका विझत जातो की मोठ्या तंतुवाद्यांचा नुसता श्वास उरतो. मग आम्ही रेकॉर्ड उलटायचो, तर त्या शांततेतूनच ते जाड वाद्य कण्हत उठायचं. जोड कुठं आहे ते कळायचं नाही, इतकं ते मापात बसायचं. मग वादळ. ते पहिल्यांदा कडाडलं तेव्हा गोजराबाईच्या हातून दुधाचं पातेलं पडलं होतं. आणि सगळ्यात शेवटी एक हसरा, डुलणारा भाग. त्या भागाचे ठोके पाच-पाचचे. दोन आणि तीन, दोन आणि तीन. कोंडाजीनं पहिल्याच दिवशी मांडीवर बोटं धरली आणि ओरडला, "अरे हा तर झपताल हाय!" पुढच्या गुरुवारी तबला-डग्गा घेऊनच आला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. रशियन वाद्यवृंदाला ओझरचा तबला. लिओनिद साहेब असते तर नाचले असते.

कोंडाजीची बायको भीमाबाई आजारपणात गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि त्या गुरुवारी हा दारात उभा. मला वाटलं आज गप्पच बसू. तो म्हणाला, "लाव." मार्च झाला. रडणारा भाग झाला, विझला. सुई कडेला जाऊन खरखरत राहिली, मला उठवेना. कोंडाजी भिंतीला टेकून बसला होता, डोळे वाहत होते, पुसतही नव्हता. मग म्हणाला, "उलट ना, गोटीराम. तिथंच नको ठेवू." मी उलटली. शेवटच्या भागाला त्यानं डग्गा पुढं ओढला आणि वाजवला. कसा वाजवला ते मला लिहिता येणार नाही.

पुढं मी निवृत्त होऊन मखमलाबादला राहायला आलो तरी तो दर गुरुवारी बसनं यायचा. अशात शुभांगीनं पुण्याहून याच सिंफनीची सीडी आणली, सोबत माहितीचं पुस्तक. त्यात क्रम स्पष्ट दिलेला. कण्हणारी बाजू पहिली. झपताल दुसरा. मार्च तिसरा. आणि रडणारा भाग शेवटचा, त्यावरच सगळं संपतं. हे पहिल्यांदा वाजवल्यावर थोड्याच दिवसांत तो लिहिणाराही गेला.

मी आयुष्यभर तपासनीस. पार्ट उलटा बसलाय हे कळल्यावर मी गप्प बसू? पुढच्या गुरुवारी कोंडाजीला बरोबर क्रमानं ऐकवलं. रडणारा भाग विझला. तो वाट बघत बसला. सीडी थांबली.

"एवढंच?"

"एवढंच. इथंच संपतं."

"मंग ती सीडी चुकलीय."

"सीडी कशी चुकेल? आपण चुकत होतो इतकी वर्षं."

"असं संपत आसंल तर मला नाय ऐकायचं."

मी म्हणालो, "तुला आवडो न आवडो, लिहिणाऱ्यानं असंच लिहिलंय. आणि तुझा तबला तर त्यानं मागितलाच नव्हता."

कोंडाजी उठला, तबला एका काखेत, डग्गा दुसऱ्या काखेत, आणि गेला. चहा तसाच राहिला. त्यानंतर गुरुवार आले आणि गेले. मी बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे इथं नमूद करून ठेवतो.

तर रेकॉर्ड कोंडाजीला, पण एका अटीवर. माझ्या तेराव्याला त्यानं माझ्या घरी येऊन ती बरोबर क्रमानं लावावी, रडणारा भाग शेवटी, आणि संपल्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणावं, "गोटीरामचं बरोबर होतं."

(अट खोडली. गो. म. शेवाळे.)

कलम ७. अट का खोडली याचा खुलासा. मी अंघोळीला गेलो असताना गोजराबाईनं हे कागद वाचले. बाहेर येतो तो ती ओट्यावर कंबरेवर हात ठेवून उभी.

"अहो, तेराव्याला? म्हणजे तुम्ही फोटोत जाऊन बसणार आणि मग भाऊजींकडून कबूल करून घेणार?"

"त्यात काय बिघडलं?"

"ऐकणार कोण? फोटो?"

मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "तत्त्व घाला चुलीत. भीमाबाई गेल्या तेव्हा त्या माणसाला सावरलं कोणी? तुम्ही नाही, मी नाही. त्या दुसऱ्या बाजूनं सावरलं. आणि तीच तुम्ही त्यांच्या हातातून काढून घेतली."

"मी काही काढून घेतलं नाही. क्रम लावला."

"क्रम मला नका शिकवू. जन्मभर जुड्या लावतेय मी. बाजारात जायचं तर ताजी जुडी शेवटी, सगळ्यांच्या वर ठेवावी लागते, नाहीतर गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहत नाही."

तिला सिंफनीतलं काही कळत नाही. तरी मी दुपारभर विचार केला आणि अट खोडली. माझं मत खोडलेलं नाही. क्रम तोच बरोबर. पण आता खरं तेही लिहितो, मृत्युपत्रात लाजायचं कशाला: बरोबर क्रमानं मी एकटा ऐकतो ना, तेव्हा शेवटचा भाग संपला की मला बसवत नाही. उठून विहिरीवर जातो, उगाच बादलीभर पाणी काढतो. कोंडाजी नाही म्हणून मला ती सिंफनी निम्मीच ऐकू येते. मला तो हवा आहे. बस्स.

कलम ८. जुनी येणी. शेजारी फकिरा निंबाजी पिंगळे हे फुलशेती करतात, माणूस सज्जन, झेंडू उत्तम. पण त्यांच्या विहिरीवरची मोटार बरोबर माझ्या ऐकायच्या वेळेला सुरू होते आणि हळू आवाजाचे सगळे भाग खाऊन टाकते. पंचायतीत तक्रार करायची माझी इच्छा होती, ती मी माघारी घेत आहे. मोटारीनं आजवर इतकी झेंडूची फुलं दिली आहेत की माझ्या वेळेलाही तीच वापरावीत. राजच्या लग्नात ज्या मेहुण्यानं माझ्या रेकॉर्डींना "भुतांचं संगीत" म्हटलं, त्याला माफ केलं आहे, पण रेकॉर्डींजवळ येऊ देऊ नये. माझ्या अंत्यविधीला बँड नको, लाऊडस्पीकर नको, भाषण तर नकोच नको.

कलम ९. कलम ६ बाबत पुन्हा. प्रतिभाताई स्कूटीवरून आल्या, ओट्यावर बसून सगळं वाचलं, दोन-तीनदा खुदकन हसल्या, मग चष्मा काढला.

"काका, दोन साक्षीदार लागतील. तुम्ही सही करताना त्यांनी बघायचं आणि खाली त्यांनी करायची. मजकूर वाचायची त्यांना गरज नाही, वाचायला देऊही नका. कोण कोण आहेत?"

"एक फकिरा. दुसरा कोंडाजी गांगुर्डे."

"कोंडाजीकाकांना तर तुम्ही रेकॉर्ड देताय. ज्याला मिळणार त्यालाच साक्षीदार करू नये, उद्या कोणी बोट दाखवेल. एक काहीतरी ठरवा. वस्तू नाहीतर सही."

आली का पंचाईत! कारखान्यात पार्ट तयार झाला की फिटरची सही वर, तपासनीसाची खाली. कोंडाजी गांगुर्डे, गो. म. शेवाळे. एकाच सहीवर पार्ट पुढं जात नसे. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक सह्या त्याच्या सहीखाली झालेल्या आहेत. आणि ही शेवटची त्याच्याशिवाय? पण रेकॉर्डही त्यालाच द्यायची होती.

गोजराबाई म्हणाली, "ज्याचं त्याला विचारा की." मी म्हणालो, मी विचारणार नाही. "मग मी जाते," म्हणाली, आणि मेथीच्या दोन जुड्या पिशवीत टाकून ओझरच्या बसमध्ये बसली. परत येईपर्यंत मी ओटा चार वेळा झाडला.

"भेटला?"

"भेटले. त्यांची सून राखी, तिनं चहा केला. आलं घातलेला. छान होता."

"अगं, काय म्हणाला?"

"सगळं सांगितलं त्यांना. रेकॉर्ड घ्या नाहीतर सही करा, असं आहे म्हटलं. म्हणाले, रेकॉर्ड नको. सही करतो."

"नको? नको म्हणाला?"

"नको म्हणाले. दोनदा."

"का म्हणून?"

"मी नाही विचारलं. तुमचं तुम्ही बघा, दोघंही म्हातारे झालात."

मला राग आला. घरात जी एक वस्तू देण्यासारखी, ती याला नको! मग राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं. अट खोडल्याचं त्याला सांगितलं का, विचारलं. म्हणाली, अट होती हे तरी मी कशाला सांगू? तेही खरं.

सबब कलम ६ बदलून असं वाचावं: सहावी सिंफनी आणि प्लेअर शुभांगीला. पण दोन्ही वस्तू तिच्या आईच्या हयातीत याच घरात राहतील. कोंडाजी भिका गांगुर्डे कधीही, कुठल्याही वारी, दारात आले, तर त्यांना एक शब्द न विचारता रेकॉर्ड लावावी. आधी कुठली बाजू, ते कोंडाजी सांगतील. ते चुकीची बाजू सांगणार हे मला पूर्ण ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनच मी हे लिहीत आहे. कोणी त्यांना दुरुस्त करू नये. तबला ठेवायला चटई टाकावी. शेवटचा भाग वाजत असताना घरातल्या कोणीही मध्ये बोलू नये, फकिरांच्या मोटारीनंसुद्धा.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभांगीनं करावी, राजनं तिला गाडी चालवून मदत करावी. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखं काही नाही. मला मिळालं ते पुष्कळ मिळालं: एक नोकरी जिच्यात विमानं उडाली, एक बायको जिनं पातेलं पडलं तरी सिंफनी बंद करू दिली नाही, दोन मुलं, आणि घरबसल्या एवढं मोठं वाजवणं. कोणावर राग ठेवून जात नाही. जात तर मुळीच नाही अजून.

सहीखाली शेऱ्यासाठी जागा सोडली आहे. ती कारखान्याची सवय, तिला कायदेशीर अर्थ काढू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः खोडला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत माझ्या घराच्या ओट्यावर सही केली.

स्थळ: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २००३

(सही) गोटीराम महादू शेवाळे

साक्षीदार पहिले:
(सही) फकिरा निंबाजी पिंगळे, फुलशेती, राहणार मखमलाबाद
शेरा: काही नाही.

साक्षीदार दुसरे:
(सही) कोंडाजी भिका गांगुर्डे, निवृत्त फिटर, राहणार ओझर
शेरा: आतलं वाचलं नाय, वकीलबाईंनी वाचू नका सांगितलं. गोटीरामनं माझ्यासमोर सही केली, हात कापत नव्हता. रेकॉर्ड नको म्हणालो, कारण ती मला मिळायची म्हणजे आधी तू जायला पाहिजे. ते मला चालणार नाय. गुरुवारी येतो, तबला घेऊन. कुठली बाजू आधी लावायची ते तू ठरव.